पाणलाव्याचा ‘नाच’ आणि एक दुरुस्ती

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : रविवारच्या जिल्हा पुरवणीतील रंगीत पाणलाव्याचे छायाचित्र

महोदय,

गेल्या रविवारच्या जिल्हा पुरवणीत आपण रंगीत पाणलावा या पक्ष्याचे चार रकानी छायाचित्र पहिल्या पानावर छापले आहे. छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, हे आधी मोकळेपणाने सांगतो. डोळा नेमका टिपला आहे, पंखांवरचा ठिपका न् ठिपका मोजता येतो आणि मागचा लव्हाळा हवा तेवढाच धूसर झाला आहे. त्याखालची ओळ मात्र अशी आहे : ‘पंख फुलवून नाचणारी पाणलाव्याची मादी आणि तिची अंडी’. त्यापुढे गावाचे नाव आहे, तेही ओढ्याच्या नावासकट. मी निवृत्त माध्यमिक शिक्षक असून गेली अकरा वर्षे मिरज तालुक्याच्या पश्चिम भागात हाच पक्षी पाहत आणि जमेल तसा कॅमेऱ्यात टिपत आलो आहे, त्यामुळे त्या ओळीविषयी लिहिणे मला भाग आहे. छायाचित्रातला पक्षी मादी नसून नर आहे. तो नाचत नाही. भेदरून समोरच्याला भेदरवू पाहतो आहे, आणि तो समोरचा म्हणजे छायाचित्र काढणारा माणूस आहे.

ओळ लिहिणाऱ्याची चूक समजण्यासारखी आहे. मोर, कोंबडा, शिंजीर, विणीच्या हंगामातली सुगरण, अशा ज्या पक्ष्यांच्या संगतीत आपण वाढतो त्यांच्यात नटलेला तो नर, मळकट रंगाची ती मादी, असा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला असतो. रंगीत पाणलाव्याने हा हिशेब पुरता उलटा केला आहे. या जातीत मादी आकाराने थोरली आणि रंगाने उजळ असते. तिचे डोके, मान आणि छातीचा वरचा भाग गडद तांबूस, जुन्या विटकरी लुगड्याच्या रंगाचा असतो. डोळ्याभोवतून मागे गेलेला, स्वल्पविरामासारखा ठसठशीत पांढरा पट्टा आणि छातीच्या बाजूने खांद्यावर चढणारा दुसरा पांढरा पट्टा ही तिची खूण. हा दुसरा पट्टा पाहिला की मला जू मानेवर घेतलेल्या बैलाच्या गळ्यातले जोते आठवते. नराचे डोके व मान करड्या-तपकिरी रंगाची, डोळ्याभोवतीचा पट्टा पिवळसर आणि पंखांवर सोनेरी-पिवळसर मोठ्या ठिपक्यांची नक्षी असते. मादीच्या पंखांवर वरच्या बाजूला असे मोठे ठिपके नसतात. तेथे हिरवट काशाच्या रंगावर बारीक काळसर रेघा असतात. आपण छापलेल्या पक्ष्याची मान करडी आहे, डोळ्याचा पट्टा पिवळसर आहे आणि पंख ठिपक्यांनी भरलेले आहेत. शिवाय तो अंड्यांपाशी आहे. या जातीत अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर एकटा करतो, त्यामुळे अंड्यांवरून उठलेला पाणलावा हा बाप समजायला हरकत नाही.

आता नाचाविषयी. छायाचित्रात पक्ष्याने दोन्ही पंख पूर्ण उघडून पुढच्या बाजूला कलते केले आहेत, शेपटी पंख्यासारखी पसरली आहे, अंग जमिनीसरसे आहे आणि चोच सरळ भिंगाकडे रोखलेली आहे. या पवित्र्यात हा पक्षी सापासारखा फुत्कारतोही. छायाचित्राला आवाज नसतो, हे छायाचित्रकाराचे भाग्य म्हणायचे. पंखांवरचे ते सुंदर ठिपके अशा वेळी एकदम उघडे पडतात आणि हाताएवढे पाखरू क्षणभर डोळ्यांनी भरलेल्या मोठ्या प्राण्यासारखे भासते; मुंगसासारखा प्राणी त्यामुळे क्षणभर बिचकत असावा. पंख पसरण्याचा प्रकार विणीच्या हंगामात जोडीदारापुढेही होतो आणि तेव्हा पुढाकार मादीचा असतो, हे मी विसरलेलो नाही. परंतु अंड्यांवरून उठून, माणसाकडे तोंड करून, अंग चोरून केलेल्या या प्रकाराला प्रियाराधन म्हणणे कठीण आहे.

हा पवित्रा पाणलाव्याच्या संरक्षणाच्या साधनांपैकी अगदी शेवटचा आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. संकटाची चाहूल लागली की तो प्रथम आहे त्या जागी थिजतो. धोका जवळ आला तर पाय दुमडून चिखलाला चिकटतो. त्यानेही भागले नाही तर मान खाली घालून लव्हाळ्याच्या बुडख्यांमधून सरकत निघून जातो. उडायला तो फार नाखूश असतो. उडालाच तर पाय लोंबकळत ठेवून, जड पंखांनी, दहा-वीस हातांवर पुन्हा गवतात उतरतो. यातले काहीच शक्य नसले, म्हणजे पायाखाली अंडी असली आणि माणूस अगदी डोक्यावर येऊन ठेपला, तरच तो पंख उघडून उभा राहतो. छायाचित्रकार किती जवळ गेला होता, हे सांगायला वेगळा साक्षीदार नको.

येथे या पक्ष्याच्या घरच्या व्यवहाराविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ त्यात आहे. नावात पाणलावा असला तरी थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या, पायाखालून कर्कश आवाज करीत नागमोडी उडणाऱ्या खऱ्या पाणलाव्यांच्या कुळातला हा नव्हे. याचे कूळ निराळे असून त्यात जगभरात मिळून तीनच जाती आहेत. एक आपली, जी आफ्रिकेपासून जपानपर्यंत आढळते. दुसरी ऑस्ट्रेलियात आणि तिसरी दक्षिण अमेरिकेत. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते पाणकोंबडीच्या जवळचा समजून, यावरून त्याच्या अंगलटीचा अंदाज यावा. आज त्याचे सर्वांत जवळचे नातलग मानले जातात ते कमळपक्षी, आणि गंमत अशी की बहुतेक कमळपक्ष्यांतही अंडी उबवण्याचे काम नराकडेच असते. पाणलाव्याची मादी साधारण चार अंडी घालते, ती नराच्या स्वाधीन करते आणि त्याच हंगामात दुसऱ्या नराशी जोडी जमवू शकते. मळकट पिवळ्या रंगावर काळ्या-तपकिरी डागांची ती अंडी चिखलातल्या कुजक्या पानांत मिसळून जातात. 15 ते 21 दिवस नर त्यांवर बसतो आणि पिल्ले बाहेर आली की पुढची राखणही तोच करतो. पिल्ले अंड्यातून निघतात ती अंगावर पट्टे घेऊन आणि चालत्या पायांनीच, तरी पहिले काही दिवस बाप त्यांना चोचीने भरवतो.

हे असे का घडले असावे, याविषयी माझा स्वतःचा तर्क साधा आहे. उथळ पाणथळ जागेचा भरवसा नसतो. एका रात्रीत ओढा फुगला तर घरटे वाहून जाते. पावसाने ओढ दिली तर भोवतालचा चिखल वाळतो आणि कुत्र्या-मुंगसांना कोरडी वाट मिळते. अशा ठिकाणी सगळी अंडी एका जागी ठेवण्यापेक्षा दोन-तीन घरट्यांत, दोन-तीन नरांच्या राखणीत ठेवलेली बरी. कोरडवाहू शेतकरी पहिल्या पावसावर सगळे बियाणे मातीत घालत नाही, त्यातलाच हा प्रकार. मात्र या व्यवस्थेची एक किंमत आहे. चिमणी, होला, टिटवी यांच्या घरट्याला दोन वाली असतात. एक उठला तरी दुसरा येतो. पाणलाव्याच्या घरट्याला एकच वाली. तो उठला की अंडी उघडी. भाद्रपदातल्या कडक उन्हात उघडी पडलेली अंडी किती वेळ तग धरतील याचा विचार ज्याने त्याने करावा. छायाचित्र मनासारखे येईपर्यंत तो नर किती वेळा आणि किती वेळ अंड्यांवरून दूर राहिला असेल, हा प्रश्न मला रविवारपासून सतावतो आहे.

मी हे वरच्या पायरीवर उभा राहून लिहीत नाही. पहिल्या हंगामात मी स्वतः हेच केले आहे, आणि त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला आहे.

आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो : सांगली जिल्ह्यात हा पक्षी शोधण्यासाठी मोठ्या तलावावर जावे लागत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी येथील पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले की कॅमेऱ्यांची रीघ लागते, आणि मायणीला 2021 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पाणलावा मात्र ज्या जागेला कोणी तलाव म्हणत नाही अशा जागी राहतो. कृष्णा-वारणेच्या काठावर उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिल्यामुळे, आणि निचऱ्याचे चर बुजल्यामुळे किंवा बुजवल्यामुळे, मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत कितीतरी जमीन क्षारपड आणि पाणथळ झाली आहे. वर मिठासारखा पांढरा थर, खाली पाणी, आणि त्यात पाणकणीस, लव्हाळा व बेशरम माजलेली, असे तिचे रूप असते. मालकाच्या दृष्टीने ती गेलेली जमीन. पाणलाव्याला नेमके तेच हवे असते : घोट्याएवढे पाणी, मऊ चिखल, आणि दोन पावलांवर लपायला आडोसा. माझ्या चुलतभावाच्या अशाच पाऊण एकर पडीक तुकड्यात मला हा पक्षी पहिल्यांदा दिसला. त्याच्या गड्याला मी विचारले होते, “ते पाखरू कुठं बसतं रे?” तो म्हणाला, “बसत न्हाई गुरुजी, त्ये ढेकूळच असतंय. हाललं की पाखरू हुतंय.” अकरा वर्षांत याहून नेमके वर्णन मी ऐकलेले नाही.

त्या पहिल्या पावसाळ्यात मी नवा कॅमेरा गळ्यात अडकवून सरळ लव्हाळ्यात शिरलो. नर उठला, मी घरटे पाहिले, सात-आठ छायाचित्रे काढली, आणि परत येताना आपण किती थोडा वेळ थांबलो याचे मला समाधानच वाटत होते. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मी आदल्या दिवशी तुडवलेली वाट स्वच्छ दिसत होती. बांधापासून घरट्यापर्यंत लव्हाळा आडवा पडला होता आणि त्या वाटेवरच्या मऊ चिखलात मुंगसाच्या पावलांचे ठसे उमटले होते. घरट्यात दोन टरफले उरली होती. मुंगूस एरवीही आले असते, अशी मी काही दिवस मनाची समजूत घालून पाहिली. पण ठसे माझ्याच पावलांच्या खळग्यांतून गेले होते.

त्यानंतर मी घरट्याच्या दिशेने पाऊल टाकले नाही, आणि हळूहळू ध्यानात आले की घरटे सोडून दिले तरच या पक्ष्याचे खरे छायाचित्र मिळते. त्याचे सारे शरीर दिसू नये यासाठी घडलेले आहे. ते कसे घडले आहे हे समजून घेतल्याशिवाय कॅमेऱ्याचा उपयोग होत नाही. उदाहरणार्थ, तो ठळक पांढरा पट्टा. हातात चित्र घेऊन पाहिले तर वाटते, इतका उठून दिसणारा पट्टा अंगावर बाळगून हा पक्षी लपतो तरी कसा? लव्हाळ्यात पाहिले की उलगडा होतो. चित्रातल्या पक्ष्याला आकार असतो. लव्हाळ्यातल्या पक्ष्याचा आकार तो पट्टाच मोडतो. पट्ट्याच्या अलीकडची मान वेगळी आणि पलीकडचे अंग वेगळे दिसते, मधला पांढरा पट्टा वाळून वाकलेल्या पात्यासारखा वाटतो आणि पाठीवरच्या पिवळसर रेघा गवताच्या काड्यांत मिसळतात. डोळ्यासमोर पक्षी असतो, पण डोळ्याला तो एकसंध सापडत नाही. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित फोकसचीही तीच गत होते. तो पुढच्या काडीवर जाऊन बसतो. मी एकच बिंदू निवडून डोळ्यावर हाताने फोकस करायला शिकलो, त्यात दोन हंगाम गेले.

दुसरी गोष्ट त्याच्या वेळेची. पाणलाव्याचे डोळे शरीराच्या मानाने मोठे असतात, कारण त्याचा दिवस आपला दिवस संपताना सुरू होतो. सूर्य उगवण्याच्या आगेमागे आणि मावळल्यानंतर तो उघड्यावर येतो, दुपारभर आडोशाला असतो. चोच लांब, टोकाशी किंचित खाली वळलेली आणि थोडी फुगीर. मऊ चिखलात ती खुपसून चाचपत, किंवा उथळ पाण्यात विळा चालवावा तशी डावी-उजवीकडे फिरवत तो गोगलगाई, किडे, गांडुळे शोधतो. धान्याचे आणि गवताचे दाणेही खातो. चालताना त्याचा मागचा भाग एकसारखा खाली-वर होत असतो. आता अशा अंधुक उजेडात, सतत डुलणाऱ्या पक्ष्याचे छायाचित्र कसे काढायचे? फ्लॅश वापरावा तर मंद प्रकाशासाठी घडलेल्या त्या डोळ्यांवर लख्ख उजेड मारावा लागतो, आणि ते मला कधीच पटले नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवत नेला तर चित्रात रवाळपणा येतो आणि पाठीवरची नाजूक नक्षी हरवते.

याचे उत्तर मला पाणलाव्यानेच दिले. श्रावणातली संध्याकाळ होती. मी बांधावर पाचटाचा आडोसा करून, पोते अंगावर घेऊन पालथा पडलो होतो. ज्वारीने अर्धी भरलेली कापडी पिशवी भिंगाखाली टेकू म्हणून होती. एक नर लव्हाळ्यातून निघून पंधरा-सोळा हातांवर चरत होता. तेवढ्यात वरून घार गेली. तिची सावली पाण्यावरून सरकली आणि पाणलावा जागच्या जागी गोठला. एक पाय पुढे टाकलेला, चोच पाण्याला टेकलेली, चोचीच्या टोकाशी पाण्याचा बारीक वलयाकार तरंग उठला आणि विरला. त्यानंतर त्या अंगावर हालचाल म्हणून उरली नाही. मी घड्याळ पाहिले : अकरा मिनिटे. त्याचे ते गोठणे हीच माझी संधी होती. एरवी सेकंदाच्या पाचशेव्या भागालाही जो पक्षी धूसर येतो, तो आता तिसाव्या भागाला स्वच्छ येत होता, त्यामुळे आयएसओ खाली आणता आला आणि पिसांवरची रेघ न् रेघ मिळाली. अंग सैल करून तो पुन्हा डुलू लागला तेव्हा मी बोट उचलले. घारीपासून वाचण्याची त्याची युक्ती माझ्या कामी आली, आणि यासाठी मी एक पाऊलही पुढे टाकले नव्हते. तेव्हापासून मी पक्षी हलण्याची वाट पाहत नाही, थांबण्याची पाहतो. एक बारीक गोष्ट अनुभवाने सांगतो : मादीचे छायाचित्र घेताना उजेडाचे माप थोडे कमी ठेवावे. गडद तांबूस मान दिसावी म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरा पट्टा चुन्यासारखा सपाट होतो. तांबूस रंग मागाहून उजळता येतो, जळलेला पांढरा परत मिळत नाही.

त्या संध्याकाळचे छायाचित्र मी एका स्पर्धेला पाठवले होते. त्यात पक्षी चौकटीच्या सहाव्या भागाएवढा होता आणि उरलेल्या जागेत लव्हाळा, चिखल आणि पाण्यावरचा संधिप्रकाश होता. परीक्षकांनी शेरा दिला, ‘विषय शोधावा लागतो.’ मला तो शेरा बक्षिसापेक्षा मोलाचा वाटला, कारण विषय शोधावा लागणे हाच तर त्या छायाचित्राचा विषय होता. पक्ष्याने चौकट भरली पाहिजे, पार्श्वभूमी पुसली गेली पाहिजे, ही हल्लीची आवड या पक्ष्याच्या बाबतीत विपरीत ठरते. लव्हाळा पुसून टाकला की पट्टा का आहे ते कळत नाही, ठिपके का आहेत ते कळत नाही. नुसती एक शोभेची वस्तू उरते, आणि तशी शोभेची वस्तू मिळवण्यासाठी जवळ जावे लागते. आपण छापलेल्या छायाचित्रातही लव्हाळ्याचे तेच झाले आहे.

आवाजाविषयीही लिहिले पाहिजे, कारण अलीकडे त्याचा गैरवापर वाढलेला दिसतो. पाणलाव्यांत साद घालते ती मादी. अंधार पडता पडता आणि चांदण्या रात्री तिची ‘कू… कू…’ अशी खोल, संथ, एका लयीतली साद दूरवर ऐकू येते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा तो आवाज असतो. तिची श्वासनलिका नरापेक्षा लांब आणि वळण घेतलेली असते, त्यातून हा घुमारा येतो. हा आवाज मोबाइलमध्ये भरून घेऊन बांधावर वाजवला की कधी कधी मादी बाहेर येते, कारण तिला वाटते, आपल्या हद्दीत दुसरी मादी शिरली. माझ्या शेजारच्या शिवारात एका संध्याकाळी बाहेरून आलेल्या तीन-चार जणांनी पाऊण तास हा प्रयोग केला. मादी दोनदा उघड्यावर आली, त्यांना छायाचित्रेही मिळाली. पुढच्या चार रात्री मी त्या बांधावर बसलो. तिची साद मला ऐकू आली नाही. ती तेथून गेली की नुसती गप्प राहिली, मी सांगू शकत नाही. पण ज्या हंगामात तिने जोडीदार मिळवायचा, त्याच हंगामात तिला खोट्या सवतीशी भांडायला लावणे हा खेळ मला क्रूर वाटतो.

या सगळ्यात कायद्याचाही मुद्दा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करण्याबरोबरच अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देण्याचाही समावेश आहे. बंदूक हातात असायलाच हवी असे नाही. छायाचित्रकाराला कोणी शिकारी म्हणावे, असा माझा हेतू नाही. बहुतेकांना ही व्याख्या माहीतच नसते, मलाही त्या पहिल्या पावसाळ्यात माहीत नव्हती.

गावाच्या नावाचा मुद्दा मला या सगळ्याहून तातडीचा वाटतो. आपले दैनिक तालुक्यातालुक्यांत पोहोचते. रविवारी सकाळी ती पुरवणी वाचून सोमवारी संध्याकाळी त्या ओढ्यावर किती मोटारसायकली उभ्या होत्या, हे मी तेथील एका माजी विद्यार्थ्याकडून ऐकले आहे. आकडा लिहीत नाही, कारण मी स्वतः मोजला नाही. घरट्यातली चार अंडी त्या सोमवारी शाबूत होती की नाही, हेही मला कळलेले नाही. येणाऱ्या 5 ते 12 नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात आपल्याकडे अशा छायाचित्रांचा ओघ वाढेल, आणि पावसाळ्यात काढलेली घरट्यांवरची छायाचित्रे त्यात मोठ्या प्रमाणावर असतील, असे मागच्या काही वर्षांच्या पुरवण्या चाळून मला दिसते. घरट्यावरचे छायाचित्र छापायचेच नाही, असा नियम आपण केलात तर मी त्याचे स्वागत करीन. तेवढे शक्य नसल्यास निदान ठिकाण तालुक्यापुरते मोघम ठेवावे आणि छायाचित्र कसे, किती अंतरावरून घेतले, ही एक ओळ पाठवणाऱ्याकडून मागून घ्यावी. ती ओळ मागितली जाणार हे ठाऊक असले की पुष्कळ जण बांधावरच थांबतील.

शेतकऱ्यांच्या बाजूनेही एक खुलासा करतो, नाहीतर गैरसमज होईल. क्षारपड जमीन पाणलाव्यासाठी तशीच पडीक ठेवावी, असे मी म्हणत नाही. ज्याची पाऊण एकर जमीन गेली आहे त्याला हे सांगण्याचा मला अधिकार नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या जमिनींवर काम केले आहे, जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून पाण्याचा निचरा करण्याची पद्धत आता आमच्या भागात अनेकांना माहीत झाली आहे, आणि माझ्या चुलतभावानेही यंदा ती करून घ्यायचे ठरवले आहे. त्याला मी एवढेच विचारले की, नळ्यांचे पाणी ज्या उघड्या चरात पडणार, त्या चराच्या कडेचा दोन-तीन हात लव्हाळा ठेवशील का, आणि पाणकणीस जाळायचे असेल तर पावसाळ्याऐवजी उन्हाळ्यात जाळशील का. त्याने थोडा विचार करून होकार दिला. तो म्हणाला, चराच्या कडेला ऊस येत नाहीच.

राहिली दुरुस्तीची गोष्ट. येत्या रविवारी आपण ती छापाल अशी अपेक्षा आहे. मजकूर मोठा नसला तरी चालेल : ‘गेल्या रविवारी प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रातील रंगीत पाणलावा हा नर असून तो अंड्यांच्या रक्षणासाठी पंख पसरून उभा होता.’ दुरुस्ती करताना गावाचे आणि ओढ्याचे नाव पुन्हा छापू नये, ही विनंती. याच कारणाने मीही माझ्या गावाचे नाव खाली लिहिलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
(ता. मिरज, जि. सांगली)